गव्रीलचा तळवा

जहाजाखालचा बर्फ उकरणं हे घाईचं काम नाही. आमच्या सायबेरियात लेना नदी गोठली की जहाजं जागच्या जागी अडकतात, आणि दुरुस्तीसाठी आमची माणसं त्यांच्या पंख्याभोवती खड्डा खणतात. रोज थोडंच खणायचं, तळाशी वीतभर बर्फ राहिला की थांबायचं. थंडीने तो खालून पुन्हा जाड होतो. हावरटपणा केला की नदी वर येते. म्हणून सगळं जग थंडीला शिव्या देतं आणि आम्ही पारा उणे पन्नासखाली गेला की खूश. खुळीच माणसं!

माझा नवरा गव्रील या कामात पहिल्या नंबरचा. खाली किती बर्फ उरलाय ते टिकावाच्या दांड्यातून त्याच्या हाताला कळायचं. मी त्याच टोळीची स्वयंपाकीण. घरी जाताना तो हातमोजा काढून माझ्या गालाला तळवा लावायचा, गाल गोठला नाही ना बघायला. आमच्याकडे सगळेच एकमेकांचे गाल बघतात, पण इतक्या वर्षांच्या संसारानंतर इतक्या मायेने कोण बघतं?

त्या दिवशी खड्ड्याजवळच्या खोपटात मी चहा ओतला, तर या माणसाने पत्र्याचा मग कान सोडून दोन्ही हातांनी धरला. उकळता चहा! आणि गप्पा चालूच.

"अरे, ठेव तो! हात भाजले की!" मी ओरडले.

त्याने मगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गेल्या हिवाळ्यात गोठलेली बोटं बरी झाली, असं त्याने सांगितलं होतं. मी मूर्खासारखा विश्वास ठेवला होता.

"वार्या, कुणाला बोलू नकोस. हा हिवाळा निघू दे."

"आणि स्पिरिदोनचं काय? खड्ड्यात तुझ्या शेजारी तोच असतो ना?"

मुकादम स्पिरिदोन दारातच उभा होता. त्याने सगळं ऐकलं आणि हसण्यावारी नेलं. "गव्रीलदादा, वहिनींना तुझी फारच काळजी! तुझे हात गेले तर आम्ही कुणाच्या भरवशावर खणायचं रे?"

गव्रील उठला. मी थांब म्हटलं, तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दोघं खड्ड्यात उतरले. मी काठाशी पोचेपर्यंत त्याचे घाव सुरू झाले होते, नको तितके जोरात. आणि पाणी आलं. दोघं धडपडत शिडीने वर आले तेव्हा भिजलेल्या बुटांवर बर्फ धरू लागला होता. महिनाभर खणलेला खड्डा बघता बघता भरला. स्पिरिदोनने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दादा," तो हळूच म्हणाला, "उद्यापासून तू वरच थांब. शेगडी सांभाळ."

बूट बदलून आम्ही घरी निघालो तेव्हा अंधारून आलं होतं. वाटभर माझ्या गालाला सुया टोचत होत्या, मग टोचायच्या थांबल्या. गाल गोठला की असंच होतं, आमच्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. गव्रील थांबला. हातमोजा काढून त्याने तळवा माझ्या गालावर ठेवला, नेहमीपेक्षा जास्त वेळ.

"गरम आहे," तो म्हणाला. "एवढं कळतं गं मला अजून."

"हो रे," मी म्हटलं, आणि गाल त्याला दिसू नये म्हणून रुमाल डोळ्यांपर्यंत ओढून घेतला.