गांगह्वाच्या किल्ल्यावर आबा निरोप घेतात

आमच्या जळगावच्या पिंप्राळ्यात निरोप घ्यायचा म्हणजे आधी सोफ्यावर, मग दारात आणि मग स्कूटर सुरू झाल्यावर. माझे आजोबा, म्हणजे आबा, तर स्कूटरमागेही चार पावलं चालत जातात. पण हे सगळं कोरियातही होईल असं मला वाटलं नव्हतं.

युवराज काका इंचॉनला कंपनीत आहेत. त्यांना ड्युटी होती, म्हणून त्यांनी मला आणि आबांना एका दिवसाच्या सहलीच्या बसमध्ये बसवून दिलं. आधी गांगह्वा बेटावरचा समुद्राकाठचा किल्ला, आणि शेवटी डोंगरातलं जोंडुंगसा नावाचं जुनं बुद्धविहार. आबांना खरं तर फक्त विहार हवं होतं. तिथे बुद्धासमोर बसून वंदना म्हणायची, म्हणून त्यांनी पांढरा सदरा जळगावहून इस्त्री करून आणला होता. गाईडताईंनी आधीच बजावलं, "उशीर झाला तर विहाराचा वेळ कापणार."

किल्ल्यावर आबांनी तटावरून खाली पाहिलं. दोन काठांमध्ये चिंचोळा, गढूळ समुद्र.

"हाई समुद्र शे? हाई ते आपली तापी शे!"

"आबा, हळू बोला. समुद्राला वाईट वाटेल."

तोफेजवळच्या बाकावर एक कोरियन आजोबा सफरचंद कापत होते. त्यांनी आबांना एक फोड दिली. आबांनी लगेच काकूंनी दिलेला डबा उघडून कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे केला. आजोबांचे कान लाल झाले, तरी त्यांनी दुसरा घास मागितला. झाली दोस्ती! एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती, त्यामुळे दोघं भरपूर बोलले.

मग बसचा हॉर्न वाजला. आजोबा उठून कमरेत वाकले. आबाही वाकले. आजोबा आणखी खाली वाकले. आबा त्याहून खाली.

"आबा, चला ना!"

"मी कसा थांबू? तो अजून वाकीच ऱ्हायना ना!"

"तुम्ही वयाने मोठे दिसता. इथे मोठ्यांनी नुसती मान हलवली तरी चालतं."

"मोठा शे म्हनीसन त्याले मान कमी देऊ का?" आबा वाकलेलेच होते.

माणसाला माणसासारखा मान द्यायचा, हे त्यांनीच मला शिकवलंय. पण तिकडे गाईडताई घड्याळ दाखवत होत्या, आणि इकडे विहार हातचं चाललं होतं.

"आबा, गळाभेट घ्या!"

आबांनी घेतली. आजोबा आधी काठीसारखे ताठ झाले, मग खो खो हसले. मिठीत कुणालाच वाकता येत नाही, हा माझा शोध! मिठी सुटताच मी आबांचा हात धरून बसकडे पळत सुटले.

"पाहायचं आणि लगेच खाली," विहाराच्या चढावर गाईडताईंचा हुकूम.

आबा बुद्धासमोर बसले. सदरा नीट केला, डोळे मिटले आणि घरी म्हणतात तशीच, एकेक शब्द सुटा करत वंदना सुरू केली.

गाईडताई दारात येऊन कुजबुजल्या, "अजून किती?"

नुकतं कुठे त्रिशरण संपलं होतं. पंचशीलातली तीनच शीलं झाली होती, आणि पुढचं सगळंच बाकी.

"झालंच!" मी गोड हसून ठोकून दिलं. त्या दारातच थांबल्या.

तेवढ्यात आबांचा शांत आवाज आला, "मुसावादा वेरमणी..." खोटं बोलणार नाही, असं ते चौथं शील.

गाईडताईंना पाली येत नव्हती, नशीब माझं. आबांनी मात्र एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं, आणि पुढचं शील आणखी सावकाश म्हणायला घेतलं.