अंबिकेचे पारणे

कार्तिकात काशीला आधीच गर्दी, त्यात बालाजी घाटावर साक्षात देवी येऊन बसलेली. मग काय विचारता! पंचगंगा घाटावर आकाशदिवे लावायला आलेले भाविक दिवे तसेच टाकून इकडे धावत होते. नावाडी पलीकडच्या तीरावरून माणसे भरभरून आणत होते. कचेरीतले कारकून साहेबाला पोटदुखीचे कारण सांगून आले होते आणि इंग्रजीत भांडणारे वकील बूट हातात धरून पायऱ्यांवर उभे होते.

वरच्या पायरीवर चौरंग मांडलेला. त्यावर जाड धाबळीत गळ्यापर्यंत गुंडाळलेली सोळा वर्षांची एक मुलगी बसली होती. नाव अंबिका. मंगला गौरीच्या गल्लीत कालपरवापर्यंत तिला सगळे ‘अंबू’ म्हणत. आता ती ‘निराहारी मैया’ झाली होती. होळीपासून तिने अन्नाचा कण तोंडात घेतलेला नाही, असे तिचा चुलता यज्ञेश्वर सांगत होता. हा यज्ञेश्वर धंद्याने पुराणिक. पुराण ऐकायला पूर्वी त्याच्यापुढे चार म्हाताऱ्या बसत, त्यातल्या तिघी झोपलेल्या. आता त्याचा आवाज घाटभर घुमत होता.

“सुनिए, सुनिए! अन्नपूर्णा सगळ्या जगाला जेवू घालते. पण अन्नपूर्णेला स्वतःला जेवताना कुणी पाहिलंय? बताइए! नाही पाहिलं ना? मग ही न जेवणारी कोण? समझ जाइए!”

सगळे समजून गेले. न जेवणारे सगळेच देव ठरले तर गावातली निम्मी भिकारी मंडळी चौरंगावर बसवावी लागतील, हे मात्र कुणाच्या डोक्यात आले नाही.

“आणि या मुंग्या बघा!” यज्ञेश्वराने चौरंगाखाली बोट दाखवले. मुंग्यांची काळी रांग पायरीवरून चढून धाबळीच्या घडीत शिरत होती. “मैयाच्या अंगातून मध पाझरतो, मध! मुंगीला कळतं, माणसाला कळत नाही!”

“जय हो मैया की!” घाट दुमदुमला.

मग घंटा वाजली. लोकांना चांदीच्या वाटीतले दुधाचे तीर्थ पळी-पळी मिळाले. मैयाला मात्र यज्ञेश्वराने शंखातून पाजले. दिवसातून तीनदा एवढेच काय ते तिच्या ओठी लागे. तीर्थ झाले की ती धाबळी डोक्यावरून ओढून घेई आणि यज्ञेश्वर ओठांवर बोट ठेवून सांगे, “समाधी!”

गर्दीच्या मागे शरदिनीबाई उभ्या होत्या. बाई मुलींच्या शाळेत शिकवीत. विधवा असून केस राखले होते, त्यामुळे अर्ध्या गल्लीला त्यांचा विटाळ होई आणि उरलेल्या अर्ध्या गल्लीला त्यांची भीती वाटे. अंबिका त्यांची विद्यार्थिनी. आशीर्वादासाठी तिने हात उचलला तेव्हा बाईंना तिचे मनगट दिसले. त्या मनगटावर कातडे होते आणि हाड होते, मध्ये काहीच नव्हते. गालांवर तान्ह्या बाळासारखी बारीक लव उगवली होती. लोक म्हणत होते, तेज चढले आहे.

बाईंना जुनी अंबू आठवत होती. गुबगुबीत, हसरी, मधल्या सुट्टीत कचोरी खाता खाता गणित सोडवणारी. दोन वर्षांपूर्वी तिला पाहुण्यांना दाखवायचे होते म्हणून ती शाळेतून लवकर घरी गेली. मुलाच्या आत्याने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि म्हणाली, “मुलगी गोरी आहे हो. पण अन्नपूर्णेच्या गावात राहते म्हणून इतकं खायचं का ग बाळे?” सगळे हसले. सर्वांत मोठ्याने यज्ञेश्वर हसला, कारण स्थळ हातचे जाऊ नये अशी त्याची इच्छा होती. स्थळ गेलेच. पण ते वाक्य घरात राहिले. अंबिका पानावर बसली की यज्ञेश्वर म्हणे, “वाढा, वाढा तिला! दाराची चौकट अजून शाबूत आहे.”

बाप नसलेल्या पोरीने जेवायला नको म्हटले असते तर थोबाडीत बसली असती. तिने म्हटले, “आज माझा उपास आहे,” आणि शेजारच्या बायकांनी कानशिलावर बोटे मोडली. आधी सोमवार, मग संकष्टी, मग दोन्ही एकादश्या, मग चातुर्मास. आपल्याकडे एकादशी म्हणजे दुप्पट खाशी. साबुदाण्याचा डोंगर, वर रताळ्याचा कीस. त्यात ही पोर खरोखरच काही खात नाही म्हटल्यावर लोक चकित झाले. जिच्या खाण्याला सगळे हसले, तिच्या न खाण्याच्या सगळे पाया पडू लागले. पोरीने त्यातून काय शिकावे? जे शिकायचे तेच ती शिकली. आणि बुद्धीची तल्लख, त्यामुळे चांगलेच शिकली.

पुराणाला गिऱ्हाईक नसलेल्या यज्ञेश्वराने वाळत चाललेली पुतणी पाहिली आणि चौरंग आणला.

बाई आधी कोतवालीत गेल्या. तिथला गोरा अंमलदार चहा ढवळत म्हणाला की, सरकार रयतेच्या धर्मात हात घालत नाही. मग त्या अंबिकेच्या आईकडे, कालिंदीबाईंकडे गेल्या. एक विधवा दुसऱ्या विधवेकडे मदत मागायला, म्हणजे एकादशीच्या घरी शिवरात्र! कालिंदीबाई चुलीपुढे दूध आटवीत होत्या.

“कालिंदीबाई, पोर मरेल हो तुमची.”

“मी काय करू ताई? भावोजींच्या अन्नावर जगतेय मी.”

“आणि तुमची मुलगी कुणाच्या अन्नावर जगतेय?”

कालिंदीबाईंनी दाराकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. “ती काही उपाशी नाही, ताई. शपथ घ्या, कुणाला बोलायचं नाही. हे बघा. मलई, तूप, मध, केशर. मीच आटवते. भावोजी शंखात भरून नेतात. तीर्थ म्हटलं की कुणी बघत नाही. आणि तीर्थानं उपास कुठे मोडतो?”

बाई पातेल्याकडे बघत राहिल्या. एवढी सोपी युक्ती! हजारो डोळ्यांसमोर रोज तीनदा मुलगी जेवत होती आणि एकालाही ते जेवण दिसत नव्हते, कारण त्याला तीर्थ म्हटले होते. बाईंना राग आला, पण जरा हायसेही वाटले. मग एकदम ते मनगट आठवले. एवढे आटीव दूध रोज पोटात जात असेल, तर ते मनगट तसे कसे?

प्रबोधिनी एकादशीला त्या डॉक्टर दिनानाथांना बरोबर घेऊन घाटावर गेल्या. दिनानाथ रामघाटाजवळ दवाखाना चालवीत. बाईंनी वर्णन केल्यावर ते एवढेच म्हणाले होते, “पोट मला तपासता येईल, बाई. पण दुखणं तिथं असेल असं वाटत नाही.”

घंटा वाजली. यज्ञेश्वराने शंख उचलला. बाई सरळ वर गेल्या आणि त्यांनी शंखाला हात लावला.

“अरे अरे अरे!” यज्ञेश्वर किंचाळला. “सकेशा बाई! विटाळ! विटाळ!”

“विटाळ झाला ना?” बाई शांतपणे म्हणाल्या. “मग आता हे मैयाला चालायचं नाही. आमच्यासारख्यांना चालेल.” आणि पदराखालून काचेचा पेला काढून त्यांनी शंख त्यात पालथा केला.

शंखाच्या पोटातले कुणाला दिसत नाही. काचेतले सगळ्यांना दिसते. पेल्यात पिवळे घट्ट दूध संथपणे उतरले आणि वर सायीचा गोळा थबकन पडला. बाईंनी पेला पहिल्या रांगेतल्या म्हातारीला दिला. म्हातारीने घोट घेतला, जीभ ओठांवरून फिरवली आणि ओरडली, “ई त मलाई हौ! हमके त पनियर दूध देत रहे!”

देवीने फसवले याचे दुःख कमी होते. आपल्या वाटीत पाणीदार आणि तिच्या शंखात घट्ट, याचा संताप अधिक होता. “ठग! पाखंडी! चोरून खाते!” एक नारळ चौरंगावर येऊन फुटला. दगडाच्या देवीला शिवी देताना माणूस चार वेळा विचार करतो, सोळा वर्षांच्या पोरीला देताना करीत नाही.

तेव्हा ती मुलगी चौरंगावर बसल्यापासून पहिल्यांदाच बोलली.

“मैंने नहीं पिया!”

ती उभी राहू पाहत होती आणि पाय तिला उभे राहू देत नव्हते. “एक बूँद भी नहीं पिया! बाई, तुम्ही तरी सांगा यांना! मी खादाड नाही हो! मी सगळं थुंकलं, सगळं!” आणि तिने धाबळी भिरकावून दिली.

मांडीखालून चिंध्यांचे बोळे घरंगळले. दुधाने भिजलेले, आंबलेले, मुंग्यांनी काळे झालेले. समाधीचे गुपित ते होते. डोक्यावरून धाबळी ओढून ती तोंडातला घोट चिंधीत सोडीत होती. काका लोकांना फसवीत होता की ही खात नाही. ही काकाला फसवीत होती की मी खाते. धाबळीखाली जे होते ते सगळ्यांनी पाहिले. बरगड्या पाहिल्या, गुडघे पाहिले.

घाटावर दोनच माणसे घाबरली. एक शरदिनीबाई, दुसरा यज्ञेश्वर. चमत्कार खोटा आहे या भरवशावर तो निश्चिंत होता. खोटा होता तोवर मुलगी जगणार होती. तो खरा निघाला, आणि मुलगी मरत होती.

आणि बाकीचे? मागून कुणीतरी ओरडले, “अरे, मैया तो सचमुच निराहारी है!” आणि त्या हाडांच्या सापळ्यापुढे सारा घाट पुन्हा लोटांगणात गेला. या वेळी जयजयकार पहिल्यापेक्षा मोठा होता. अंबिका हसली. तिचा नाहक गेलेला मान परत मिळाला होता.

डॉक्टरांनी तिला उचलून घरी नेले. ती इतकी हलकी होती की त्यांना धापसुद्धा लागली नाही. सगळ्यांना समोर बसवून त्यांनी बजावले, “हा मनाचा आजार आहे. विलायतेतल्या वैद्यांनी ग्रंथात लिहून ठेवला आहे. वयात येणाऱ्या मुलींना जडतो. कुणी शरीरावरून टोचलं, कुणी उपाशी राहण्याचं कौतुक केलं, की मूळ धरतो. वाचते मुलगी यातून, पण वेळ लागतो. हिची चेष्टा नको, पाया पडणंही नको. आणि नीट ऐका: पातळ पेज, चमच्या-चमच्यानं. पोटभर अजिबात नाही. दुष्काळात अन्नछत्रावर काम केलंय मी. उपाशी माणूस पहिल्याच भरल्या जेवणानं मरतो. मी डोळ्यांनी पाहिलंय.”

सगळ्यांनी माना हलवल्या.

दुसरा दिवस द्वादशीचा. एकादशी द्वादशीला सोडायची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग एवढ्या मोठ्या व्रताचे पारणे पेजेवर? यज्ञेश्वराला भीतीने झोप लागली नव्हती आणि एका दिवसात पोरीला भरून काढायची त्याला घाई झाली होती. गल्ली पहाटेपासून ताटे घेऊन दारात उभी होती. कालिंदीबाईंनी ‘डॉक्टर म्हणाले होते’ एवढे म्हणून पाहिले. एक शेजारीण म्हणाली, “डॉक्टरांना काय कळतंय व्रतातलं? पारणं यथासांग झालं नाही तर दोष आईला लागतो हो.” मग कालिंदीबाईंनीच पुरण शिजत घातले.

अंबिकेने पहिला घास नाकारला. चुलत्याने तिची हनुवटी धरली, शेजारणीने घास कोंबला. तिसऱ्या-चौथ्या घासाला इतक्या महिन्यांची भूक जागी झाली आणि मग तिचे हात थांबेनात. पुरणपोळी, बासुंदी, भात, पुन्हा बासुंदी. बायका आनंदाने रडत होत्या. यज्ञेश्वर डोळे पुसत म्हणत होता, “वाढा, वाढा तिला!”

बाई डॉक्टरांना घेऊन आल्या तेव्हा पान उचलून झाले होते. अंबिका भिंतीला टेकून बसली होती, ओठांना बासुंदी लागलेली. “बाई,” ती हळूच म्हणाली, “मी फार खाल्लं का हो?”

“नाही ग बाळा. मुळीच नाही.” बाई ढसाढसा रडल्या.

संध्याकाळी तिचे पाय सुजले. सकाळी श्वास लागला. डॉक्टर उशाशी बसून होते, पण त्यांच्या हातात आता काही नव्हते. त्रिपुरी पौर्णिमेला काशीचे सारे घाट दिव्यांनी उजळले होते, तेव्हा अंबिकेला मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावर नेले. लोक म्हणाले, व्रत पूर्ण झाले, मैया स्वधामी गेली. चौरंगाच्या जागी आता एक लहानसे देऊळ आहे. यज्ञेश्वर तिथे बसत नाही. तो काशी सोडून गेला. पण बसणारे दुसरे पुष्कळ मिळाले. तिथे शंखातून तीर्थ देतात.

वाचकहो, इथे भूत नव्हते, देवी नव्हती, मंत्र नव्हता. एक टोमणा होता, एक आजार होता, तीर्थ म्हणून पाजलेले दूध होते आणि डोळे उघडे ठेवून आंधळी झालेली माणसे होती. तुमच्या घरात एखादी पोर पानावरून उठू लागली, तर तिची दृष्ट काढू नका, तिला व्रतस्थ म्हणून मिरवू नका, आणि तोंडात घासही कोंबू नका. डॉक्टरला बोलवा, आणि तो सांगेल ते करा. त्याआधी तिच्याजवळ बसून विचारा, “तुला कोण काय बोललं?” उत्तरात तुमचेच नाव आले, तर मान खाली घालून ऐका.