चितेवरची लाल वही

पिंप्राळ्याच्या शाळेत चित्रकला शिकवणारे धनसिंग मास्तर कविताही करत, आणि दोन्हींत सारखेच बेताचे होते. हे त्यांना मनातून ठाऊक होतं. म्हणून तर वाचनालयातल्या एका जाड पुस्तकात राणी व्हिक्टोरियाच्या काळातला एक चित्रकार-कवी भेटला, तेव्हा त्यांना केवढा आधार वाटला! दोन्ही डगरींवर हात ठेवूनही माणूस अजरामर होतो म्हणायचा. मास्तरांनी दाढी वाढवली. अजरामर होण्याची तेवढीच तयारी त्यांच्या हातात होती.

त्या साहेबाची बायको वारली, तेव्हा त्याने आपल्या कवितांची एकुलती एक वही तिच्या शवपेटीत, केसांजवळ ठेवली. सात वर्षांनी कविता छापाव्याशा वाटल्या, तेव्हा कबर उकरवून ती परत काढली. मास्तरांनी ही गोष्ट डोळ्यांत पाणी आणून प्रमिलाबाईंना सांगितली. त्या पोळपाटावरून मान न उचलता आपल्या शिंदखेड्याच्या बोलीत म्हणाल्या, "परत लेवानं व्हतं ते दिन्हं कसाले?"

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात प्रमिलाबाई चार दिवसांच्या तापाने गेल्या. मास्तर खरोखर कोसळले. तरीही तिरडी बांधली जात असताना ते उठले, चष्मा न लावताच कपाटातली लाल कापडी वही ओढून घेतली आणि स्मशानात चितेवर ठेवली. "तीस वर्षांच्या कविता आहेत," एवढंच म्हणाले. दुःख खरं होतं, पण अग्नी देता देता कोण कोण बघतंय तिकडे एक डोळा गेलाच. साहेबापेक्षा आपण एक पाऊल पुढे, असंही मनात येऊन गेलं. इथे उकरायला काही उरत नाही.

शाळेच्या शोकसभेत मुख्याध्यापक त्या त्यागावर पंधरा मिनिटं बोलले. वह्यांचे दुकानदार ज्ञानचंद शेठ येईल त्या गिऱ्हाइकाला मास्तरांची गोष्ट सांगू लागले. रस्त्यात लोक थांबून नमस्कार करत.

तेराव्यानंतर मास्तर विरहाची कविता लिहायला बसले आणि कागद शोधताना कपाटातून त्यांची स्वतःचीच कवितांची लाल वही निघाली. एक पानही कमी नव्हतं. आधी त्यांना आनंद झाला आणि मग त्या आनंदाची लाज वाटली. ज्ञानचंदकडून लाल वह्या घरात डझनाने येत. एखादी कोरी जळाली असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. वही गादीखाली सरकवली आणि त्यागी पुरुष म्हणून ते गावभर हिंडत राहिले. नमस्कारांची चटक लागली होती.

श्रावणात घरोघरी खानदेशची कानबाई देवी बसायच्या आदल्या दिवशी शेजारच्या भिकुबाई चौघींना घेऊन आल्या. "मास्तर, प्रमिलाबाईनी गानासनी वही द्या. लाल शे."

मास्तर म्हणाले, "कसली गाणी?"

"कानबाईना गाना! दरसाल तीच तं सांगे आमले. निम्मा तं तिनाच जोडेल शेतस."

तीस वर्षं या घरात एक कवी राहत होता आणि मास्तरांना त्याचा पत्ता नव्हता. त्यांनी तिला आपल्या शंभर कविता ऐकवल्या होत्या. तू काय लिहितेस, असं एकदाही विचारलं नव्हतं.

वही सापडत नाही, म्हणून सांगता आलं असतं. नावाला धक्का लागला नसता. पण त्या पाच जणी दारात उभ्या होत्या आणि गाणी उद्याच हवी होती. मास्तरांनी गादीखालून वही काढून त्यांच्यापुढे ठेवली. "ही माझी. चितेवर मी तिची ठेवली. चुकून. आणि हे कळल्यावरही लोकांचे नमस्कार घेत राहिलो." एवढं बोलून ते लहान पोरासारखे रडले.

त्यांची समजूत कोणी घातली नाही. भिकुबाईंनी शांतपणे पानं उलटली. चाळीस पानं कविता, पुढची सगळी कोरी. "इतला पानं कोरा शेतस," त्या म्हणाल्या. "लिखा मंग."

बायका गाऊ लागल्या, मध्येच भांडू लागल्या, आणि मास्तर लिहीत गेले. सवयीने एखादी ओळ सुधारायला गेले की, "तिनी असं नई म्हनेल!" म्हणून बायका खोडायला लावत. मास्तरांच्या कवितेकडे इतकं लक्ष आजवर कोणी दिलं नव्हतं.

दिवेलागणीला एका गाण्यात सगळ्याच अडल्या. ती ओळ प्रमिलाबाई एकट्याच म्हणत. बाकीच्या त्यानंतर सूर धरत. कोणाला काही केल्या आठवेना.

"तुम्हीच घाला एखादी," भिकुबाई म्हणाल्या. "तुमले येस ना."

मास्तरांना ओळ सुचली होती. चांगली होती, तीस वर्षांत इतकी चांगली ओळ सुचली नव्हती. पेन कागदाला टेकलंसुद्धा. मग त्यांनी ते उचललं, एका ओळीची जागा मोकळी सोडली आणि म्हणाले, "तिची आहे ती. पुढचं सांगा."