बाभळीवरचं घोंगडं

किल्लारीचा भूकंप झाला ते १९९३ साल. भूकंपाच्या आधीचे, जुलैचे दिवस. पहिलीच्या वर्गात अंक म्हणणं चालू होतं आणि अनसाबाई वर्गाच्या उंबऱ्यावर बसून चातीवर लोकर कातत होती. तिचा पदर आतल्या बाजूला पसरला होता. तो डाव्या मुठीत घट्ट धरून तिची सहा वर्षांची सुषमा उजव्या हाताने पाटीवर रेघा ओढत होती.

शाळा समितीचे सर्जेरावआबा दारात थांबून मला म्हणाले, "बाई, पटावर मायलेकींची दोघींची नावं घाला. काय अनसे, गणितात किती पडले?"

"तुमच्या नातवापरीस दोन जास्तीच पडलं, आबा," अनसाबाई चातीवरची नजर न काढता म्हणाली.

पोरं हसली. आबाही हसले. सुषमा हसली नाही. आई उठते की काय, म्हणून तिने पदर आणखी ओढून घेतला.

घोड नदीच्या काठी, इनामगावच्या अलीकडच्या एका वस्तीवर आमची दोन खोल्यांची शाळा होती. शाळेला घाबरणारी मुलं मी पुष्कळ पाहिली होती. कुणी छडीला भ्यायचं, कुणी गुरुजींच्या मिशांना. सुषमाचं भय वेगळं होतं. ते मला अनसाबाईने एकदा मधल्या सुट्टीत सांगितलं.

"बाई, ही चार वर्साची आसंल. आमी मेंढरं घिऊन कोकणातनं माघारी येत हुतो. ही आंब्याखाली बसल्या जागी निजली. बिऱ्हाड घोड्यावर चढवलं. मला वाटलं ही हिच्या बापापाशी, बापाला वाटलं माझ्यापाशी. पुढच्या तळावर गेलो तवा कळालं. माघारी पळत आले, तर ही तिथंच उबी. घसा बसला हुता रडून. तवापासनं एका जागी बसाया भिती."

आणि शाळा म्हणजे तर एका जागी बसणंच.

"मग कशाला आणतेस तिला?" मी विचारलं.

अनसाबाईने तळपाय वर करून दाखवला. टाचेच्या भेगांत काळी माती कायमची बसलेली होती. "हे बघा. माझं गेलं ते गेलं. हिचं जाऊ ने."

मग आम्ही दोघींनी ठरवून एकेक पाऊल मागे घेतलं. आधी उंबरा सोडून अनसाबाई पडवीत बसू लागली. सुषमाने दोन दिवस आकांत केला, तिसऱ्या दिवशी गप्प झाली. पुढे पडवीतून लिंबाखाली. मी सुषमाला खिडकीशी बसवलं. दसऱ्याच्या सुमाराला अनसाबाई पार ओढ्यापलीकडच्या बांधावर पोचली. तिथे एक बाभळ होती. अनसाबाईला मेंढरं राखायची असत, एका जागी थांबता येत नसे. म्हणून तिने आपलं काळं घोंगडं त्या बाभळीवर टाकलं आणि लेकीला सांगितलं, "सुषे, घोंगडं हाय तवर म्या हाय. घोंगडं घेतल्याबिगर तुजी आय कुठं जात न्हाई."

सुषमाला ते पटलं. ती दोन अक्षरं लिहायची आणि बाहेर बघायची. पुढे चार लिहून बघायला लागली, मग ओळभर. एकदा सगळी कविता तालावर म्हणून झाली तरी तिने मान वळवली नव्हती. म्हणून झाल्यावर तिलाच आठवलं, चटकन बघितलं आणि आपल्याआपणच हसली. नोकरीत मला पुष्कळ शाबासक्या मिळाल्या. तसलं हसू पुन्हा मिळालं नाही.

दिवाळी झाली आणि मेंढरं कोकणात न्यायची वेळ आली. अनसाबाई यंदा मागे राहणार, तळावरचा स्वयंपाक जाऊबाई बघणार, असं ठरलं होतं. पण जाऊबाईला दिवस गेले आणि ती अंथरुणाला खिळली. तळावर बाईमाणूस हवंच. नवरा संपत म्हणाला, तूच चल. सुषमाला सासूजवळ, पार्वतीबाईजवळ ठेवायचं ठरलं.

निघायच्या आदल्या दिवशी अनसाबाई मला हे सांगायला आली.

"तिला सांगून जा," मी म्हणाले. "रडेल, लोळण घेईल. घेऊ दे. पण तिच्या डोळ्यांदेखत जा."

"तिनं पदर धरला तर माझा पाय निगंल व्हय, बाई?"

"तरीसुद्धा."

"व्हय," ती म्हणाली. "सकाळी सांगते."

सकाळी सुषमा रोजच्यासारखी आली, खिडकीशी बसली. बाभळीवर घोंगडं होतं. मला वाटलं, निघणं लांबलं असेल. मला बरंच वाटलं. त्या दिवशी सुषमाने पाटीवर आपलं अख्खं नाव पहिल्यांदा न बघता लिहिलं. 'ष'चं पोट तेवढं उलटं झालं.

शाळा सुटली तशी ती पाटी घेऊन बांधाकडे पळाली. मी कुलूप लावत होते. थोड्या वेळाने बघितलं, तर ती बाभळीखाली नुसती उभी. मी ओढा ओलांडून गेले. आसपास एक मेंढरू नव्हतं. लेंड्या वाळलेल्या होत्या.

"आय पानी प्याया गेली आसंल," सुषमा म्हणाली. "घोंगडं हाय की."

तेवढ्यात पार्वतीबाई काठी टेकत आल्या. "चल गं पोरी. तुजी आय गेली कोकणात. कोंबडं आरवायच्या आधीच गेली, न्हावऱ्याच्या वाटंनं. तू रडशीला म्हून घोंगडं ठिवून गेली."

सुषमा रडली नाही. तिने पाटी उलटी करून पोटाशी धरली आणि आजीच्या पुढे चालू लागली. पार्वतीबाई घोंगडं काढताना पुटपुटल्या, "एकच हुतं तिच्याकडं. थंडीची काय पांघरंल आता, कुनाला ठावं."

दुसऱ्या दिवशी सुषमा एकटी शाळेत आली. खिडकीजवळची जागा सोडून पहिल्या रांगेत, खिडकीकडे पाठ करून बसली. कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायची, एरवी ओठ मिटलेले. सर्जेरावआबा खुश झाले. "मी म्हणत नव्हतो, बाई? आई नजरेआड झाली की पोराची भीती मोडते." साहेब तपासणीला आले, त्यांनी तिच्याकडून वाचून घेतलं आणि सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या.

जून उजाडला तशी मेंढरं परतली. शाळा उघडली त्या दिवशी अनसाबाई मला भेटली. वाळली होती. सारखी खोकत होती.

"बाई, म्या तिच्यासाठी फनसाचं गरं आनलं. 'ठिव तितं' म्हनली. जवळ घ्याया गेले तर उबी ऱ्हायली, लाकडावानी. तुमी तरी सांगा तिला, म्या आता कुठं जात न्हाई म्हून."

त्या दिवसापासून अनसाबाई पुन्हा बाभळीवर घोंगडं टाकून खाली बसू लागली. मेंढरं संपतकडे सोपवली, लोकांचे टोमणे ऐकले, पण बसली. आठवडाभराने मी सुषमाला हळूच म्हटलं, "बघ तरी बाहेर. आई बसलीय."

तिने पुस्तकातून मान वर केली नाही. "घोंगडं हाय, बाई," ती म्हणाली. "मला ठावं हाय."

पावसाळाभर अनसाबाई तिथे बसायची. मग हळूहळू यायची थांबली.

या सगळ्याला आता किती वर्षं झाली. सर्जेरावआबा गेले, शाळेच्या नव्या खोलीवर त्यांच्या नावाची फरशी आहे. पार्वतीबाई त्याच्याही आधी गेल्या. संपतने मेंढरं विकून पाटाच्या पाण्यावर दोन एकर ऊस केला. अनसाबाईचा खोकला त्या हिवाळ्यानंतर कधी हटला नाही. सुषमा दहावी झाली त्या उन्हाळ्यात तिची आई गेली. बाभळ रस्त्याच्या कामात तुटली.

सुषमाला दौंडला दिलं. नवरा रेल्वेत आहे. २००९च्या जूनमध्ये मी भाचीकडे दौंडला गेले होते, तेव्हा बालवाडीच्या फाटकाशी ती दिसली. तिचा तीन वर्षांचा मुलगा तिच्या साडीला लोंबकळून किंचाळत होता. आतल्या बाई खुणावत होत्या, त्याला खेळण्यात गुंतवते, तुम्ही मागच्या मागे सटका.

सुषमाने त्याची बोटं एकेक करून सोडवली. त्याच्यासमोर उकिडवी बसली. "शंभू, बघ माझ्याकडं. मी आता जाणार हाय. जेवायच्या वक्ताला येणार हाय. बघितलंस? ही मी चालले."

ती उठली आणि रस्त्याच्या अगदी मधोमध चालू लागली, आतून दिसेल अशी. मी मागोमाग जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने मला ओळखलं, पण थांबली नाही.

"फार रडतोय गं," मी म्हणाले.

"रडू द्या, बाई," ती म्हणाली. तिचा चेहरा ओला झाला होता आणि तो पुसायला तिने हात वर केला नाही. "जाताना दिसतीय न्हवं मी त्याला."