मेलेल्यांच्या यादीतला गेनादी

पेर्जेनीच्या स्वयंपाकघराला लाल शेरा मिळणार, अशी आवई गावात उठली तेव्हा एव्दोकिया कोंबडीचं सूप ढवळत होती. डाव तसाच हवेत धरून ती म्हणाली, "लाल? माझ्या स्वयंपाकघराला? कोण म्हणतं त्यानं समोर येऊन म्हणावं!"

समोर कोण येणार? एव्दोकियाच्या हातात डाव असताना तिच्यासमोर जायची गावात कुणाची छाती नव्हती.

पण तपासणी येणार होती हे खरं. राजधानीहून, किशिनाउहून, स्वयंपाकघराला पैसे पुरवणाऱ्या संस्थेची एक बाई यायची होती, आणि ती भांडी बघणार नव्हती की चव घेणार नव्हती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना मदत पोचवता पोचवता मदत करणाऱ्यांकडूनच त्यांना धाक, त्रास, लुबाडणूक होण्याचा धोका आहे का, हे ती बघणार होती. हिरवा शेरा म्हणजे बिनघोर. पिवळा म्हणजे सुधारणा करा आणि चालू ठेवा. लाल म्हणजे दाराला कुलूप. नदीपलीकडच्या गावाला मागच्या वर्षी असंच कुलूप लागलं, आणि तिथल्या म्हाताऱ्यांनी सगळा हिवाळा उकडलेल्या बटाट्यांवर काढला.

पेर्जेनीत असे एकटे म्हातारे चौतीस. त्यांची पोरं इटलीत नाहीतर पोर्तुगालात, तिथल्या म्हाताऱ्यांची सेवा करायला गेलेली. आता बोला! तेव्हा या चौतीस जणांच्या पोटात दुपारी काही गरम पडायचं ते एव्दोकियाच्या हातचं. लाल शेरा मिळाला तर उद्या तुदोरा आजी काय खाणार, या विचारानं एव्दोकियाला तीन दिवस धड झोप नव्हती.

मार्चमधल्या एका सकाळी ती बाई आली. नाव ओतिलिया. वय तिशीचं, पायात शहरी बूट, काखेत संगणक आणि त्यात बत्तीस प्रश्न.

"एव्दोकियाबाई, लाभार्थ्यांच्या घराच्या किल्ल्या कुणाकडे असतात?"

"कुणाकडे कशाला? दारातल्या कुंडीखाली."

"हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"सगळ्या गावाला. नाहीतर कुंडीखाली ठेवून उपयोग काय?"

ओतिलियानं काहीतरी टिपलं. एव्दोकियानं मान लांबवून पाहिलं, तर पडद्यावर लाल ठिपका.

"आणि हे काय?" ओतिलियानं फळीकडे बोट दाखवलं. फळीवर एकसष्ट चिनी मातीचे कप होते, प्रत्येकाच्या कानाला छोटा टॉवेल बांधलेला. "लाभार्थ्यांकडून भेटवस्तू घ्यायच्या नाहीत असा नियम आहे, बाई."

"भेटवस्तू? अगं पोरी, पोमाना आहे ती! मेलेल्याच्या आत्म्यासाठी दिलेली. तू काय जर्मनीतून आलीस? मेलेल्याच्या नावानं दिलेलं कोण नाकारतं? तुदोराचा नवरा हारालांबी तिकडे वर काय ओंजळीनं पाणी पिणार?"

ओतिलियाच्या आजीनं तिच्याही हातात लहानपणी असे कप ठेवले असावेत, कारण तिनं नियमाचा मुद्दा तिथेच सोडला. तिनं पिवळा ठिपका दिला. एव्दोकियाच्या जिवात जीव आला.

मग ओतिलियानं विचारलं, "तक्रारपेटी कुठे आहे?"

दोन वर्षांपूर्वी संस्थेनं एक पत्र्याची पेटी पाठवली होती, झाकणाला फट असलेली. एव्दोकियानं ती अगदी मानाच्या जागी, देवाच्या तसबिरीखाली, दिव्याशेजारी टांगली. वरचा 'तक्रारपेटी' लिहिलेला कागद आठवड्याभरात सुपाच्या वाफेनं सुटून पडला. पेटी तसबिरीखाली, शेजारी दिवा तेवतोय, झाकणाला फट. गावातल्या म्हाताऱ्यांनी काय समजायचं ते समजलं. चर्चमध्ये पाद्रीबुवांकडे देतात तशा प्रार्थनेच्या चिठ्ठ्या ते पेटीत टाकू लागले: डावीकडे जिवंतांची नावं, उजवीकडे मेलेल्यांची. एव्दोकियानं एकदाही कुणाला अडवलं नाही. तिच्या सुपाबद्दल तक्रार असणार कुणाची? दर महिन्याला ती पेटी उघडून चिठ्ठ्या पाद्री नेक्तारींना नेऊन द्यायची, आणि पाद्रीबुवा त्या वाचून आत्म्यांना शांती मागायचे.

ओतिलियानं पेटी टेबलावर उलटी केली. चिठ्ठ्यांचा ढीग पडला. तिनं एक उचलली, दुसरी उचलली आणि डोक्याला हात लावला.

"यात एकही तक्रार नाही!"

"तेच तर सांगतेय मी," एव्दोकिया अभिमानानं म्हणाली. "दोन वर्षांत एकही नाही."

"म्हणजे तक्रार करायची सोयच नाही, बाई! हा सरळ सरळ लाल आहे."

एव्दोकिया पुढे सरसावली. "थांब, थांब. कसली भोळी माणसं आहेत ते तुला वाचूनच दाखवते. या माणसांना कसला त्रास असणार?" तिनं घाईघाईनं चष्मा चढवला. "ही तुदोरा आजीची, जांभळ्या पेन्सिलीची. मेलेले: हारालांबी, म्हणजे तिचा नवरा, अक्रोडाच्या झाडावरून पडला. मग वासिलीसा, तिची सासू, तिला कुणी पाडलं नाही, स्वतःच्याच रागानं गेली. मग..."

ती थांबली. मग गेनादी.

पेर्जेनीत गेनादी एकच. तो एव्दोकियाच्या धाकट्या बहिणीचा, पेलागेयाचा मुलगा, आणि या घडीला बाहेर अंगणात शीळ घालत गाडीत सुपाचे डबे चढवत होता. ऑक्टोबरपासून घरोघर डबे पोचवायचं काम त्याच्याकडे होतं. एव्दोकियानंच लावून दिलं होतं.

तिनं चौतिसांपैकीच अनिसियाची चिठ्ठी उचलली. मेलेल्यांत गेनादी. मक्रीनाची उचलली. मेलेल्यांत गेनादी, आणि त्याच्याखाली दोन रेघा.

जिवंत माणसाचं नाव मेलेल्यांत लिहिणं म्हणजे काय, हे पेर्जेनीत कुणाला शिकवावं लागत नाही. त्याहून मोठा शाप नाही. आणि एव्दोकियाला एकदम आठवलं, नाताळानंतर पाद्री नेक्तारींनी तिला हसत विचारलं होतं, "हा गेनादी कोण गं? दर महिन्याला नव्यानं मरतोय." तीही हसली होती. कुणीतरी जुना असेल, म्हणाली होती.

"पुढे?" ओतिलियानं विचारलं.

"पुढे काही नाही. सगळे जुनेच," एव्दोकिया म्हणाली आणि तिन्ही चिठ्ठ्या एप्रनच्या खिशात गेल्या.

शहरातल्या बाईला काय कळणार होतं? तिला गेनादी मेला काय नि जगला काय! ती म्हणाली, "बरं, पेटी दुसरीकडे हलवा, नवा कागद लावा, मग मी पिवळ्याचा विचार करीन. आता फक्त एका लाभार्थ्याला भेटते आणि निघते. कुणाकडे जाऊया ते तुम्हीच सांगा."

हायसं वाटायला हवं होतं. चौतीसपैकी कुणाचंही नाव घेता आलं असतं. म्हातारा सावा होता, त्याला नातवंडांशिवाय दुसरं काही बोलता येत नाही. एव्दोकियानं सावाचं नाव घ्यायला तोंड उघडलं. खिशातल्या चिठ्ठ्या मांडीला टोचत होत्या. डोळ्यांपुढे तो गेनादी आला, तीन वर्षांचा, तिच्या मांडीवर बसून प्लाचिंता, गरम भरली पोळी, खाणारा. आणि मग तुदोराची ती जांभळी पेन्सिल आली.

"तुदोराकडे," ती म्हणाली आणि स्वतःवरच इतकी चिडली की वाटेत ओतिलियाशी एक शब्द बोलली नाही.

तुदोरा आजी ब्याऐंशी वर्षांची. तिनं ओतिलियाला बसवलं आणि तिच्यापुढे चीजची प्लाचिंता ठेवली.

"आजी, आम्हाला भेट घ्यायला..."

"भेट कोण देतंय? हारालांबीच्या नावानं आहे. खा."

ओतिलियानं खाल्ली. एव्दोकिया उभीच राहिली. "तुदोरा आजी, एक विचारू? गेनादी तुमच्या लेखी मेलाय का?"

"मेलाय ना. ऑक्टोबरातच."

"अहो, तो तिकडे अंगणात डबे चढवतोय!"

"चढवू दे. मला काय त्याचं?"

एव्दोकियाची नजर कोपऱ्यातल्या पेटाऱ्याकडे गेली. त्यात काय आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तुदोराच्या स्वतःच्या अंत्ययात्रेची तयारी: वाटायचे टॉवेल, रुमाल, मेणबत्त्या आणि शवपेटीखाली अंथरायचा काळ्यावर गुलाब विणलेला गालिचा. तीन हिवाळे खपून तिनं तो स्वतःच्या हातांनी विणला होता. एव्दोकियानं झाकण उचललं. टॉवेल होते. गालिचा नव्हता.

"मेलेल्यानं नेला," तुदोरा म्हणाली. "डब्याच्या यादीत नाव ठेवायचं तर काहीतरी द्यावं लागतं, नवा नियम आलाय म्हणाला. अनिसियाची बदकं नेली. मक्रीनाच्या तळघरातली दारू नेतो, दर शुक्रवारी. माझ्याकडे बदकं नाहीत. मग हे नेलं."

ओतिलियाच्या हातातला घास तसाच राहिला.

"मला का नाही सांगितलंत?" एव्दोकियानं विचारलं.

"तुला? तुझा भाचा तो! आणि सरळ लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी माझा डबा बंद. म्हणून असं लिहिलं. कुणी विचारलंच तर म्हणता येतं, हा दुसरा गेनादी."

"पण आजी, प्रार्थनेच्या पेटीत..."

"कसली प्रार्थनेची? तक्रारीची पेटी आहे ती. कागद सुटून पडायच्या आधी मी वाचला होता. चिठ्ठ्या तुझ्याच हातांतून जातात, हेही मला ठाऊक होतं. म्हटलं, कधीतरी हिच्या डोक्यात प्रकाश पडेल." तुदोरानं बोटं मोजली. "पाच महिने लागले. बरीच मठ्ठ आहेस गं एव्दोकिया."

एव्दोकियाला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाच महिने ती स्वतःच्या हातांनी त्या चिठ्ठ्या पाद्रीबुवांना नेऊन देत होती, आणि वर गावात फुशारकी मारत होती की तक्रार एकसुद्धा नाही.

ओतिलियानं संगणक बाजूला ठेवला. "आजी, तुम्ही तक्रार केलीत म्हणून तुमचा डबा बंद होणार नाही."

"लेखी दे."

ओतिलियानं लिहून दिलं. तुदोरानं कागद खिडकीशी धरून दोनदा वाचला. "शिक्का कुठाय?"

शिक्का नव्हता. एव्दोकियानं पेन घेतलं आणि खाली स्वतःची सही केली. "माझी सही शिक्क्यापेक्षा भारी आहे. डबा उद्यापासून मी स्वतः आणीन, हातगाडीवर."

स्वयंपाकघरात परतून दोघींनी जाब विचारला, तेव्हा गेनादी आधी आवाज चढवायला निघाला. "मावशी, म्हाताऱ्यांना काय करायचीत बदकं? आणि तो गालिचा तर पेटाऱ्यात कुजत होता!"

एव्दोकियानं तिन्ही चिठ्ठ्या त्याच्या नाकासमोर धरल्या. "वाच. पाच महिने, तिघी मिळून. आणि पाद्रीबुवांनी दर महिन्याला मेणबत्ती लावून तुझ्या आत्म्याला शांती मागितलीय."

गेनादीचा चेहरा पांढराफटक पडला. संस्थेचं नाव ऐकून जो बधला नव्हता, तो बाकावर मटकन बसला. "तरीच माझी कंबर! नाताळापासून धरलीय! आणि गाडीचा क्लचसुद्धा! मावशी, त्यांना म्हणावं खोडा माझं नाव, आत्ताच्या आत्ता खोडा!" तो घरी पळत गेला, भिंतीवरचा गालिचा ओरबाडून काढला आणि तुदोराच्या घराकडे निघाला.

"थांबा!" ओतिलिया आडवी आली. "ज्याच्यावर तक्रार आहे त्यानं तक्रार करणारीच्या दारात जायचं नाही. नियम आहे."

म्हणून गालिचा त्या दोघींनीच उचलला, एक टोक एव्दोकियाकडे, एक ओतिलियाकडे. आता भर दुपारी तुदोराचा काळा गालिचा मोठ्या रस्त्यानं निघाल्यावर गावानं काय समजायचं? कुंपणापाशी बायका येऊन उभ्या राहिल्या. कुणी मेणबत्ती आणली, कुणी क्रूसाची खूण केली. म्हातारा सावा टोपी काढून मागून चालू लागला. चर्चची घंटा वाजवणारा मनोऱ्याच्या जिन्याच्या चार पायऱ्या चढलासुद्धा. शेवटी तुदोरानंच खिडकी उघडली आणि ओरडली, "अजून नाही गं बायांनो! जा घरी, सूप गार होतंय!"

ओतिलियानं पिवळा शेरा दिला. गेनादीचं नाव पुढे कळवलं, काम सुटलं, बदकांच्या बदल्यात बदकं आली. दारूचं काय, ती प्यायली गेली होती. त्याची रीतसर तक्रार चालू आहे. जाताना ओतिलिया म्हणाली, "तुम्ही मला सावाकडे नेलं असतंत तर मला काहीच कळलं नसतं, एव्दोकियाबाई."

"माहितीय मला," एव्दोकिया म्हणाली. "नको आठवण करून देऊस."

पेटी आता पोस्टात आहे. पोस्टातली बाई आणि एव्दोकिया दोघींनी मिळून उघडायची, प्रत्येक चिठ्ठी वहीत नोंदवायची, असं ठरलं. महिन्यानं पहिल्यांदा उघडली. अनिसियानं लिहिलं होतं, सुपात मीठ जास्त. एव्दोकियानं ओठ घट्ट मिटून ते नोंदवलं. तुदोराच्या चिठ्ठीत गेनादी जिवंतांच्या रांगेत आला होता, सगळ्यांत शेवटी.

आणि एक चिठ्ठी निळ्या शाईची होती. जिवंत: गेनादी. मेलेले: आई, बाबा, एव्दोकिया.

ते अक्षर तिनं लगेच ओळखलं. तिनंच शिकवलं होतं ते, पेलागेया सहा वर्षांची असताना, चुलीतल्या कोळशानं ओसरीच्या फरशीवर. पोस्टातली बाई खिडकीतून बाहेर बघत बसली, काही दिसलंच नाही अशी.

एव्दोकियाला खूप रडू आलं. तिनं नाक पुसलं, वही पुढे ओढली आणि लिहिलं:

"तक्रार क्रमांक दोन. कुणाविरुद्ध: मी. कुणाची: माझी बहीण."

पुढे एक रकाना होता: तक्रार करणारी व्यक्ती सुरक्षित आहे का?

"आहे," तिनं लिहिलं. "दोन घरं सोडून राहते. महिनाभर माझ्याशी बोलत नाही. रविवारी प्लाचिंता घेऊन मी स्वतः जाईन. दार उघडलं नाही तरी किल्ली कुठे असते ते मला माहीत आहे."

मग तिला नियम आठवला, आणि तिनं शेवटचं वाक्य खोडलं.