नातं: अंकल

शिरवळच्या कंपनीतल्या मॅडमचा फोन आला तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. शेणाची पाटी तिथंच टाकून मी ओल्या हातानंच फोन घेतला.

"तुमच्या बायोडाट्यात रेफरन्स म्हणून आनंदराव मळेकर आहेत. नातं, अंकल. आमच्याकडे नातेवाइकांचा रेफरन्स चालत नाही. फॉर्मवर लिहिलेलं आहे."

"मॅडम, ते माझे नातेवाईक नाहीत."

"मग अंकल कशाला लिहिलंत?"

आता काय सांगणार? मॅडम म्हणाल्या, "फॉर्म आता बदलता येत नाही. मी बारा वाजता त्यांनाच फोन करून विचारते. नातं नाही म्हणाले तर ठीक. नाहीतर तुमचं नाव गळणार. दुपारी यादी लागते." आणि फोन बंद.

बीकॉम होऊन दोन वर्षं झाली. अकरा ठिकाणी बायोडाटा दिला, आणि उलटा फोन आला तो या एकाच ठिकाणाहून. स्टोअर असिस्टंटची जागा, घराजवळून कंपनीची बस.

चूक सोमनाथची. भोरला एसटी स्टँडसमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. अख्ख्या तालुक्याचे बायोडाटे तोच टाइप करतो, लग्नाचे आणि नोकरीचेही. रेफरन्स म्हणजे काय, असं मी विचारलं तर म्हणाला, "ओळख गं. वरपर्यंत पोचलेल्या कुणाचं तरी नाव दे." आमच्या ओळखीत तसं कोण असणार? म्हणून मी आमचे निवृत्त मुख्याध्यापक आनंदराव मळेकर सांगितले. त्यांचा नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलेलाच आहे. सोमनाथनं विचारलं, "तू काय म्हणतीस त्यांना?" मी म्हटलं, "नाना." "मग चुलतेच की," म्हणून त्यानं ठोकलं अंकल. लग्नाच्या बायोडाट्यात काका-मामा लागतातच, हात बसलाय त्याचा. आणि मी मठ्ठ, न वाचता पैसे देऊन घरी आले.

बरं, चूक सोमनाथची, पण चोरी माझी. नानांना मी विचारलंच नव्हतं. विचारणार कशी? बांधावरचा आंबा माझ्या वडिलांनी, आप्पांनी, तोडला त्याला सात वर्षं झाली. आंबा आमचा की नानांचा, हे अजून ठरलेलं नाही. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं नाही, हळदीकुंकू नाही, कुणी कुणाच्या दारात पाणी पीत नाही. आणि भिंतीवर नानांचं नाव आहे ते तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष म्हणून. हसायचं असेल तर हसा. मला त्या दिवशी हसू येत नव्हतं.

मी तीनदा फोन लावला. रिंग वाजून वाजून थांबली. आप्पा म्हणाले, "कुणाला लावतीस एवढं?" मी म्हटलं, "मैत्रिणीला." आणि चप्पल न घालताच सुटले. नानांचं घर वरच्या आळीला, धरणाचं पाणी दिसतं तिथं. चढताना एकच विचार डोक्यात. नाना रागानं काहीही बोलतील. नाहीतर भलेपणानं "हो, माझीच पुतणी" म्हणतील. दोन्हींत मी मेलेच.

बाराला पाच कमी होते. नाना अंगणात पेरूखाली शेंगा फोडत बसले होते. त्यांच्या घरात रेंज नाही, म्हणून फोन पेरूच्या फांदीला डब्यात टांगलेला. नाना घरात असताना केलेले माझे तीन मिस्ड कॉल त्याच डब्यात पडून असणार.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हनुमंताची ना तू? इकडं कुठं वाट चुकली?"

मी एका दमात सगळं सांगितलं. नाव दिलं, विचारलं नाही, अंकल झालं, फोन येणार. "नाना, लई चुकलं माझं. पर एवढंच म्हणा, मी तुमची कुणी न्हाई."

शेंग त्यांच्या हातातच राहिली. "हे सांगायला आलीस व्हय? ते तर तुझ्या बापानं सात वर्षांमागंच सांगितलंय."

तेवढ्यात डबा वाजायला लागला. नाना सावकाश उठले. त्यांना स्पीकर बंद करता येत नाही, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"वैष्णवी मळेकर तुमची पुतणी का?"

नानांनी माझ्याकडं पाहिलं. मग घसा खाकरून, शाळेत परिपाठाला बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "नाही. आडनाव गावात निम्म्यांचं हेच आहे. ती माझी कोणीही नाही."

"मग तुमची ओळख कशी?"

"चौथीला माझ्या वर्गात होती. आता त्यांच्या घराशी आमचं भांडण आहे. सात वर्षं बोलणं नाही. म्हणून मी सांगतो ते खरं धरा. खेळाच्या पेटीची किल्ली मी हिच्याकडे दिली होती. एकदा मी नातवासाठी त्यातला चेंडू घेतला, तर हिनं मला अडवलं. शाळेचा आहे म्हणाली. मुख्याध्यापकाला! नऊ वर्षांची होती. तुमचं स्टोअर हिच्या हातात द्यायला हरकत नाही."

पलीकडे मॅडम हसल्या. "ठीक आहे सर. नाव पुढे पाठवते."

नानांनी फोन डब्यात ठेवला आणि पुन्हा शेंगा पुढ्यात ओढल्या. मला जायला हवं होतं, पण मी पेरूखालीच उभी राहिले. नऊ वर्षांची असताना चेंडू मी घट्ट पोटाशी धरला होता, आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी मला वर्गात उभं करून शाबासकी दिली होती. घरी येऊन मी आप्पांना सांगितलं, तर आप्पा गूळ घेऊन नानांकडं गेले होते. तेव्हा आंबा उभा होता.

"बरोबर बोललो न्हवं?" नानांनी मान वर न करता विचारलं. "कुणी न्हाई म्हणून?"

"व्हय, नाना," मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं.

"मग रडतीस कशाला?" ते म्हणाले. "तूच म्हणाली हुतीस ना, तसं म्हणा."