दमलेल्याला आधी पाणी

बदलापूरलगतच्या कुळगावच्या विष्णुपंतांचा निवेदनाचा मसुदा सतरा दिवस चालला होता. सर्पदंशावरील लशीसाठी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत घोड्यांना विष टोचून त्यांचे रक्त काढतात, हे वाचल्यापासून अंबरनाथच्या कारखान्यातील या काटेकोर अधिकाऱ्यास चैन नव्हते. ‘मुक्या जिवाची संमती घेतली कोणी?’ हे वाक्य तर त्यांनी घरीदारी सर्वांना ऐकवले होते.

अठराव्या दिवशी सकाळी त्यांच्या नऊ वर्षांच्या कुंदाला सरपणाच्या ढिगाशी फुरसे चावले. शेजारच्या कोंडाजीने बैलगाडी पिटाळीत तिला दवाखान्यात पोहोचवले. डॉक्टरांनी सुई भरली आणि क्षणभर मान वर केली.

“पंत, घोड्याचीच लस आहे. टोचू?”

“विचारता काय!”

“परवा निवेदनाचा मसुदा दाखवायला आलात, म्हणून...”

“डॉक्टर, टोचा हो!”

तिसऱ्या दिवशी कुंदाच्या हिरड्यांतले रक्त थांबले आणि तिने मऊ भात मागितला. पंतांनी घरी येऊन मसुदा उघडला. तो फाडवेना आणि त्याखाली सहीही करवेना. मुलगी जगली होती, आणि वाक्यही खोटे ठरले नव्हते.

“घोऱ्यांचं उपकार, पंत,” ओट्यावरून कोंडाजी म्हणाला.

“उपकार आपखुशीने होतात, कोंडाजी. आपण ते काढून घेतले.”

“मंग फेडा की! नुसतं कागुद काय लिवताय?”

“फेडू कसे?”

“आमचं म्हातारं सांगायचं, हितं स्वारांची घोरी बदलत, म्हनून बदलापूर. दमलेलं सोरायचं, ताजं घ्यायचं. पन दमलेल्याला आधी पानी. त्याबिगर ताज्याचा लगाम हाती देत नसत.”

पंतांनी जुना मसुदा बाजूला सारला. मग त्यांनी कोरा कागद ओढला. रक्त काढण्यास मर्यादा असावी, थकलेली जनावरे विकू नयेत, आणि त्यांपैकी एक आमच्या पदरी द्यावे, असे लिहून त्यांनी झोकदार सही केली.

दिवाळीनंतर बदलापूर स्टेशनात मालगाडीतून एक करडी घोडी उतरली. तिच्या मानेवर सुयांचे जुने वण होते. कुंदा बादली धरून उभीच होती.

“अण्णा, हिनंच मला वाचवलं?”

पुराव्यावाचून विष्णुपंत आजवर कशालाही ‘हो’ म्हणाले नव्हते.

“हो, बाळ. हिनंच.”

घोडीने मान खाली घातली आणि एका दमात बादली रिकामी केली. कुंदाच्या आधी पंतच दुसरी भरायला नळाकडे धावले.